बार्शीची लाईट कधी गेली?

गेल्या अंकात मी बोलता बोलता एका ओळीत लिहून गेलो होतो की माझं आजोळ बार्शी आणि लहानपणी आम्ही तिकडं ‘लाईट’ने, म्हणजे तिकडच्या छोट्या रेल्वेने, जायचो. मूळ विषय होता उन्हाळी पापड, त्याबद्दल एकाही वाचकाने एक अक्षर विचारलं नाही, सगळे त्या लाईटच्याच मागं लागले! पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप, एक जण तर थेट घरी फोन करून अर्धा तास बोलले. तर म्हटलं या वेळी अख्खं सदर बार्शी टाऊन स्टेशनलाच देऊन टाकू. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो.

पुण्याहून एक वाचक (वय २४): दादा, माझे पप्पा बार्शीचे. ते कायम ‘बार्शी लाईट’, ‘बार्शी लाईट’ करत असतात. गाडीला लाईट होती म्हणून लाईट का? आणि नसेल तर मग काय? हसू नका प्लीज.

हसत नाही, कारण आठ-नऊ वर्षांचा असेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. उलट आमच्या मामाचं म्हणणं असं की डब्यातला दिवा कधी लागलाच तर तो फक्त स्टेशन दिसावं म्हणून. तर हा लाईट दिव्याचा नाही, वजनाचा. कंपनीचं नावच ‘बार्शी लाईट रेल्वे’, म्हणजे हलकी रेल्वे.

यामागं एक इंग्रज इंजिनिअर होता, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या सेंट्रल रेल्वेच्या पणजीकडं, नोकरीला आला, आणि इथं त्याच्या डोक्यात एकच भुंगा बसला की छोट्या गावाला मोठी रेल्वे परवडत नाही तर छोटी रेल्वे द्या, पण ती खेळण्यातली नको, पोटापाण्याचा माल वाहणारी हवी. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून कमीच. पण त्याची खरी युक्ती रुंदीत नव्हती, वजनात होती. त्याने ठरवलं की इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाचा, कुठल्याही चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. हा ५ टनांचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. तर सगळ्या चाकांवर भार सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात, रूळ हलके म्हणजे लोखंड कमी, पूल स्वस्त, भराव स्वस्त. त्याचा रूळ यार्डाला ३० पौंडाचा होता, आपल्या हिशोबात मीटरला १५ किलो. आज मेन लाईनला मीटरला ६० किलोचा रूळ टाकतात, म्हणजे बघा.

१८९५ मध्ये लंडनला कंपनी निघाली, इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली, आणि गंमत म्हणजे डबे-इंजिन बार्शीला यायच्या आधी लीड्सजवळच्या न्यूले गावात रूळ टाकून त्यांची ट्रायल घेतली, साहेबलोक बघायला आले होते. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीकरांच्या आधी इंग्लंडच्या लोकांनी बघितली! १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही २१ मैलांची लाईन सुरू झाली.

या माणसाचं पुढचं पण सांगतो, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. पहिल्या महायुद्धात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, ‘गार्डियन एंजल’ नावाचं. आधी रूळ हलके केले, मग माणूस हलका करून हवेत सोडला. पप्पांना सांगा हे.

कुर्डुवाडीहून एक वाचक: आमच्या स्टेशनचं जुनं नाव ‘बार्शी रोड’ होतं म्हणतात. बार्शी इथून तीस-पस्तीस किलोमीटर, मग आमच्या स्टेशनला त्यांचं नाव कशाला? कुर्डुवाडी काय कमी आहे का? (हा प्रश्न रागाने विचारलेला नाही.)

रागाने विचारला असता तरी चाललं असतं, कुर्डुवाडीकरांचा तेवढा हक्क आहे.

असं झालं की जीआयपीची लाईन पुण्याहून सोलापूरकडं निघाली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पण ती गेली सरळ, सपाट बघून. बार्शी राहिली बाजूला. आणि बार्शी म्हणजे तेव्हा साधं गाव नव्हतं, बालाघाटावरचा सगळा कापूस, गळिताचं धान्य, तूर, ज्वारी बैलगाड्यांनी उतरायची ती बार्शीच्या पेठेत. ‘बार्शी तिथं सरशी’ उगाच म्हणत नाहीत. मग रेल्वेवाल्यांची जुनी रीत, मोठं गाव स्टेशनपासून लांब असलं की स्टेशनला त्या गावाचं नाव द्यायचं आणि पुढं ‘रोड’ चिकटवायचं, म्हणजे इथं उतरा आणि पुढं रस्त्याने जा. नाशिक रोड तसंच, अक्कलकोट रोड तसंच. तुमच्याकडं तेव्हा कुर्डू गावची वाडी होती फक्त. वाडीची कुर्डुवाडी झाली ती रेल्वेमुळं, हे मान्य करा. पुढं तुमची वाडी एवढी वाढली की स्टेशनने बार्शीचं नाव टाकून तुमचं घेतलं, अजून काय पाहिजे.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाही पण तुमच्या गावाची सगळी गंमत त्यातच आहे. मोठी लाईन आणि छोटी लाईन कुर्डुवाडीला भेटायची पण एकमेकीत मिसळायची नाही. अडीच फुटी रुळावरचा डबा साडेपाच फुटीवर चढणार कसा? त्यामुळं बार्शीहून मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ कुर्डुवाडीला एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवायची आणि दुसरीत चढवायची. हमालांच्या पाठीवरून. मुंबईहून येणारा माल उलट्या बाजूने तसाच. वर्षानुवर्षं. छोटी लाईन बांधायला स्वस्त पडली खरी, पण वाचवलेले पैसे या अदलाबदलीत हळूहळू जात राहिले, आणि ते कुणाच्या पाठीवरून गेले ते वेगळं सांगायला नको.

आणि यावरचा उपाय त्याच कॅल्थ्रॉपला माहीत होता हे मला फार उशिरा कळलं, कळलं तेव्हा जरा चिडचिडच झाली. त्याने इंग्लंडमध्ये बार्शीच्याच धर्तीवर दुसरी एक छोटी लाईन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची, १९०४ मध्ये सुरू झाली. तिथं त्याने खास बुटक्या वाघिणी केल्या ज्यांच्यावर मोठ्या लाईनचा अख्खा भरलेला डबाच चढवून न्यायचे! दुधाचा कॅन हलवायला नको, काही नको. कुर्डुवाडीला मात्र आपली हमाली चालूच. तिकडं माणूस महाग होता, इकडं पाठ स्वस्त होती, दुसरं काय. पण दैव बघा, ती इंग्लंडची बहीण तीस वर्षांत, १९३४ मध्ये बंद पडली आणि आपली १८९७ पासून २००८ पर्यंत चालली.

लातूरहून एक ताई: माझी पणजी सांगायची की बार्शीला जाताना रेल्वेत ‘राज्य बदलायचं’. ती निरक्षर होती, तिला काय म्हणायचं होतं?

ताई, तुमच्या पणजींनी इतिहासाच्या पुस्तकापेक्षा नेमकं सांगितलं होतं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या. लाईन बार्शीवरून पुढं १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत गेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. मध्ये पांगरी हे बार्शी तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजांचं, आणि त्याच्या पुढचं येडशी निजामाचं. या दोघांच्या मधल्या चढावर गाडी रामलिंगच्या रानातून धापा टाकत वर जायची आणि खालचं राज्य संपून वरचं सुरू व्हायचं. बाजारात पैसा सुद्धा वेगळा, वर निजामाचा हाली सिक्का, खाली इंग्रज सरकारचा रुपया. गाडी मात्र एकच, तिकीट एकच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तोवर हे असंच होतं.

आमची आजी येडशी गेली की ‘वर आलो’ म्हणायची. मी समजायचो घाट चढला म्हणून.

नाशिकहून एक निवृत्त शिक्षक: मला एक फॉरवर्ड आलाय की महाराष्ट्रातल्या एका छोट्या रेल्वेची मालकी आजही इंग्रज कंपनीकडं आहे आणि आपण दरवर्षी त्यांना पैसे भरतो. ती बार्शी लाईटच का?

नाही सर. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ ला सरकारने घेतली आणि ती सेंट्रल रेल्वेत गेली, तिथं विषय संपला. तुमच्या फॉरवर्डमधली बाई वेगळी, ती विदर्भातली शकुंतला, मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला. तीसुद्धा अडीच फुटीच, त्यामुळं लोक गल्लत करतात. तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन कारण त्या मेसेजमध्ये मीठमसाला फार आहे.

सांगोल्याहून एक वाचक: चालत्या गाडीतून उतरायचं, पुढं पळत जाऊन रुळाकडंच्या झाडाची बोरं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं, हे खरं का?

महाराष्ट्रात जिथं जिथं छोटी गाडी होती तिथं तिथं हा किस्सा आहे, फक्त बोरांच्या जागी कुठं पेरू, कुठं ऊस. मी स्वतः केलं नाही. एकदा मामाने केलं, चढावर केलं, आणि परत चढता आलं नाही म्हणून पुढच्या स्टेशनपर्यंत चालत आला, आणि तो पोचला तेव्हा गाडी तिथंच उभी होती! समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत. त्यामुळं खरं की खोटं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या सांगोल्याचं मात्र एक सांगतो. पंढरपूरला छोटी लाईन १९०६ मध्ये गेली. त्याआधी रेल्वेने येणाऱ्या वारकऱ्याला बार्शी रोडला उतरून पुढचे पन्नासेक किलोमीटर टांगा नाहीतर बैलगाडी नाहीतर पायीच. पंढरपूरहून पुढं तुमच्यावरून मिरजेपर्यंत लाईन जायला १९२७ उजाडलं. तेव्हा मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरचा एकच छोटा रूळ झाला, आणि ‘बार्शी’ नाव असलेली रेल्वे बार्शीपेक्षा पंढरपूरवर जास्त पोसली गेली. आषाढीला डब्याच्या आत जेवढे तेवढेच टपावर. विठोबाने त्या लाईनीचा संसार चालवला म्हटलं तरी चालेल.

बार्शीहून एक कॉलेज विद्यार्थिनी: सर, मला आमच्या स्टेशनवर रील करायची आहे, ‘हेरिटेज’ टाईप. पण तिथं जुनं असं काही फील होत नाही. साधंच स्टेशन आहे. आणि मला असं वाटतं की ती छोटी ट्रेन बंद करायला नको होती, दार्जिलिंगसारखी ठेवली असती तर किती टुरिस्ट आले असते!

बाळ, आधी रीलचं बोलू. तू म्हणतेस ते बरोबर, आज बार्शी टाऊनला जाऊन उभं राहिलं तर समोर काय दिसतं, ब्रॉडगेजचा रूळ, वर विजेच्या तारा, पिवळ्या पाटीवर बार्शी टाऊन, आणि गाडीची वेळ नसली की शांतता. गाडीच्या वेळेला मात्र रिक्षांची झुंबड. मुंबई-लातूर गाडी इथं थांबते, कोल्हापूर-नागपूर इथूनच जाते. रात्री बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, मध्ये कुर्डुवाडीला मध्यरात्री ट्रंका उतरवून, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून, गाडी बदलायची भानगड नाही. तुला यात काहीच विशेष वाटणार नाही. तुझ्या आज्जीला विचार.

आता दुसरं, बंद करायला नको होती हे. मला माहिती आहे हे वाचून काही जण नाराज होतील, पण मी स्पष्ट लिहितो. दार्जिलिंगला लोक डोंगर बघायला जातात. बार्शी ते कुर्डुवाडी बघायला काय आहे, ज्वारी! ज्वारी मलाही आवडते पण तिच्यासाठी कुणी तिकीट काढून येणार नाही. ही लाईन करमणुकीची नव्हतीच कधी, ती माल आणि माणसं वाहायला बांधली होती, आणि ते काम तिला जमेनासं झालं होतं. बाजूने एसटी पळायला लागली, ट्रक पळायला लागले, आणि आपली गाडी तिथल्या तिथंच. ज्यांना छोट्या गाडीचं फार प्रेम होतं त्यातले बरेच जण, मी धरून, स्वतः एसटीनेच जायचो हो. शेवटच्या काही वर्षांत मी तिच्यात किती वेळा बसलो? दोनदा. एकदा मुलाला दाखवायला, आणि एकदा एसटीचा संप होता म्हणून. मग रडायचा हक्क मला कुठून?

ब्रॉडगेजही एका रात्रीत आलं नाही. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर झालं, मग लातूरकडून काम सरकत आलं, २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी. पंढरपूर-मिरजेची छोटी गाडी २००८ च्या नोव्हेंबरात थांबली. या सगळ्यात एक जुनी चूक पण दुरुस्त झाली. कॅल्थ्रॉपची लाईन उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, शिवतच नव्हती, जिल्ह्याच्या गावाला रेल्वे पकडायला येडशीला यावं लागायचं. नवीन लाईन वळवून धाराशिववरून नेली. लांब पडली थोडी, पण नेली ते बरं केलं.

जुनं बघायचंच असेल तर बार्शीत शोधू नको, कुर्डुवाडीला जा. तिथला रेल्वेचा कारखाना छोट्या लाईनचाच. छोट्या गाड्या गेल्यावरही छोटं काम तिथं राहिलं, माथेरानच्या मिनी ट्रेनचे डबे दुरुस्तीला तिथंच यायचे. आणि हे जुळतं कसं बघ, माथेरानच्या लाईनीला सल्ला देणारा इंजिनिअर पण हाच कॅल्थ्रॉप! आत शूटिंगला परवानगी लागेल, रील करायच्या आधी विचारून घे, नाहीतर गार्ड मोबाईल घेऊन ठेवेल आणि मग मला पत्र लिहशील.

आणि आज्जीचीच रील कर ना. स्टेशनवर बसवून बोलायला लाव. भगवंत मंदिराचा फोटो सगळेच टाकतात.

मिरजेहून एक वाचक: २०१६ च्या दुष्काळात आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. ते बार्शीवरूनच गेलं का? आणि छोटी लाईन असती तर गेलं असतं का?

हा प्रश्न तुम्ही शेवटी पाठवला म्हणून शेवटी घेतो, पण मला सगळ्यात आवडलेला हाच.

हो, बार्शीवरूनच. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे बार्शी लाईटचाच मार्ग, धाराशिवचा वळसा सोडला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत. राजस्थानात कोट्याला टँकर वाफेने धुऊन मिरजेला आणले, कृष्णेचं पाणी भरलं, आणि ११ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी निघाली ती १२ तारखेला पहाटे लातूरला लागली. दहा टँकर, एकात ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. पुढं ५० टँकरची गाडी जायला लागली, २५ लाख लिटर. ‘जलदूत’ नाव दिलं होतं. पहिल्या गाडीने बार्शी रात्रीतून ओलांडली, गावातल्या कुणाला फारसं कळलं पण नसेल.

आता छोटी लाईन असती तर, याचा हिशोब मी पेन घेऊन केला. एका टँकरमध्ये ५० हजार लिटर म्हणजे ५० टन नुसतं पाणी. चाकाच्या जोड्या चार. एका जोडीवर साडेबारा टन, आणि यात टँकरच्या लोखंडाचं वजन धरलेलंच नाही. वर मी लक्षात ठेवा म्हटलं होतं तो कॅल्थ्रॉपचा आकडा काय होता, ५ टन. त्याच्या रुळावर चार जोड्यांची वाघीण म्हणजे डबा आणि माल मिळून २० टन, बस. डब्याचं वजन वजा केलं की पाणी किती उरलं ते तुम्हीच काढा. गेलं असतं का, तर गेलं असतं, मध्ये कुठं गेज बदलत नव्हता त्यामुळं कुर्डुवाडीला बादल्या घेऊन हमाल उभे करायची वेळ आली नसती. पण ५० टँकरच्या एका गाडीचं पाणी न्यायला तिला किती खेपा लागल्या असत्या आणि त्या चढावर पांगरीच्या पुढं किती वेळा उभी राहिली असती, तोवर लातूरकरांनी काय केलं असतं कुणास ठाऊक.

बार्शी टाऊनचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवा. माझ्याकडं होतं एक, मामाने त्याने कान कोरला.